जाड पिन, बारीक पिन आणि जर्मनीचं मालगाडीचं इंजिन

आमच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात बाबांच्या पहिल्या फोनचा जाड पिनवाला चार्जर आहे, आजीच्या फोनचा बारीक पिनवाला आहे, तीन मायक्रो-यूएसबी आहेत आणि एक असाही आहे की तो नक्की कशाचा, हे घरात कुणालाच आठवत नाही. आई दर दिवाळीला म्हणते, "टाकून दे रे ते सगळं." आणि दर दिवाळीला मी म्हणतो, "असू दे गं, लागेल कधीतरी."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकांशी नीट बोलतील हे बघणं, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे युरोपियन युनियनने "सगळ्यांचा चार्जर एकच" हा नियम आणला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण गेल्या काही महिन्यांत मी एका भलत्याच गोष्टीच्या नादी लागलो: शंभर वर्षांपूर्वीची जर्मन वाफेची इंजिनं. आणि वाचता वाचता लक्षात आलं की टाइप-सीवर आज जो वाद चालू आहे, तो जवळपास जसाच्या तसा तिथे होऊन गेलाय. फायदे तेच, तोटेही तेच. वर एक गोष्ट अशी आहे, जी आपण चार्जरच्या चर्चेत कधी काढतच नाही.

सावकाश सांगतो.

आधी आजची गोष्ट

युरोपात २००९ च्या सुमाराला फोन चार्जरचे जवळपास ३० प्रकार होते. त्या वर्षी मोठ्या फोन कंपन्यांनी स्वेच्छेने करार केला आणि मायक्रो-यूएसबीकडे वळायचं ठरवलं. स्वेच्छेने म्हणजे काय, तर ज्याला नको त्याला पळवाट होतीच. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपियन संसदेने कायदाच केला. बाजूने ६०२ मतं, विरोधात फक्त १३. त्यानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायला येणाऱ्या नवीन फोन, टॅब्लेट, कॅमेरा, हेडफोन वगैरेंना टाइप-सी पोर्ट सक्तीचा झाला. लॅपटॉपसाठी ही तारीख २८ एप्रिल २०२६ आहे. आयफोनने तर सप्टेंबर २०२३ मध्येच आपला वेगळा पोर्ट सोडला.

दुसरा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला, पण त्याची चर्चा कमी झाली. युरोपात फोन विकायचा असेल तर त्याचे ठरावीक सुटे भाग, मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही ७ वर्षं मिळाले पाहिजेत. बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही तिची किमान ८० टक्के क्षमता शिल्लक हवी.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी पोर्ट, प्लग आणि केबलसाठी मानक जाहीर केलं. म्हणजे दिशा तीच.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप असा: "सरकारने एकच डिझाइन ठरवलं की नवं काही निघणारच नाही." आणि नेहमीचं उत्तर असं: "कचरा कमी होईल, लोकांचे पैसे वाचतील." दोन्ही बाजू थोड्या खऱ्या आहेत. किती खऱ्या, हे बघायला जर्मनीला जाऊ या.

एक रेल्वे, २०० हून जास्त प्रकारची इंजिनं

पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीत एक रेल्वे नव्हतीच. प्रशियाची वेगळी, बव्हेरियाची वेगळी, सॅक्सनी, व्युर्टेनबर्ग, बाडेन यांच्या वेगळ्या. प्रत्येकाचे आपले इंजिनिअर, आपले लाडके कारखाने, आपले नट-बोल्ट. कुणाला चार सिलिंडरची नाजूक, कोळसा वाचवणारी इंजिनं आवडायची, तर कुणाला दोन सिलिंडरची साधी आणि दणकट.

युद्ध हरल्यावर नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीत जर्मनीला ५,००० इंजिनं आणि १,५०,००० डबे विजेत्या देशांना द्यावे लागले. उरलं ते घेऊन १ एप्रिल १९२० ला सगळ्या राज्यांच्या रेल्वे एकत्र केल्या गेल्या. हीच पुढे राइख्सबान म्हणून ओळखली गेली. तिच्या वाट्याला आली २०० हून जास्त प्रकारची इंजिनं.

आता वर्कशॉपमधल्या माणसाच्या जागी उभे राहा. इंजिनाचं एक बेअरिंग गेलंय. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन शेडमध्ये उभं आहे, पण त्याचं काढून याला बसत नाही, कारण प्रत्येक भाग त्या-त्या इंजिनावर कानसीने घासून बसवलेला आहे. प्रकार सारखा असूनही! मग नवा भाग मागवायचा, तो घासायचा, बसवायचा, परत काढायचा, परत घासायचा. तोपर्यंत इंजिन उभं आणि त्याच्यामागची मालगाडीही उभी.

म्हणजे फक्त चार्जरचे प्रकार जास्त होते असं नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन फोनचे चार्जरसुद्धा अदलाबदल होत नव्हते, असं समजा.

पहिलं स्टँडर्ड कशाचं? पिनचं!

ही गोष्ट मला फार आवडली. युद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९१७ मध्ये, जर्मन उद्योगांसाठी एक मानक समिती स्थापन झाली. आज तिला आपण डीआयएन म्हणून ओळखतो. तिने १९१८ मध्ये काढलेलं मानक क्रमांक १ कशाचं होतं? यंत्राचे दोन भाग एकमेकांत अडकवायच्या निमुळत्या पिनचं. आमच्या ड्रॉवरमधली ती पिशवी आठवून मला हसूच आलं.

याच संस्थेने १९२२ मध्ये कागदाचे आकार ठरवले. झेरॉक्सच्या दुकानात आपण "ए-फोर दे" म्हणतो, तो ए-फोर तिथूनच आला.

रेल्वेला हे हवंच होतं. बर्लिनमध्ये बोर्झिग या इंजिन कारखान्यात एकीकरणाचं काम करणारं एक खास ऑफिस उभं राहिलं, आणि वेगवेगळ्या कारखान्यांचे लोक तिथे एकत्र बसून ड्रॉइंग करू लागले. रेल्वेच्या बाजूने डिझाइनची सूत्रं होती रिचर्ड पाउल वाग्नर या इंजिनिअरच्या हातात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९४२ पर्यंत तो या कामात होता. त्याची आवड सरळ होती: दोन सिलिंडर, साधी रचना, आणि प्रत्येक भाग असा की शेडमधल्या माणसाचा हात सहज पोचेल.

भाग किती मिलिमीटरचा, एवढं ठरवून भागत नाही. "किती चूक चालेल" हेही ठरवावं लागतं. धुऱ्याची जाडी अमुक, आणि त्यात इतकीच कमी-जास्त चालेल. हे एकदा लिहिलं की मग एका शहरात बनलेला भाग दुसऱ्या शहरात बनलेल्या इंजिनाला कानस न लावता बसतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंटरफेस म्हणतो. आतमध्ये तू काय करतोस ते तुझं तू बघ, पण जिथे आपण दोघं जोडले जाणार, तिथे शब्द पाळायचा.

नंबरही नीट लावले. १९२६ च्या पक्क्या यादीत ०१ ते १९ एक्सप्रेस गाड्यांची इंजिनं, २० ते ३९ पॅसेंजरची, ४० ते ५९ मालगाडीची. नंबर बघून इंजिनाचं काम कळायचं.

४३ की ४४? त्या काळची ए-बी टेस्ट

मालगाडीसाठी पहिलं स्टँडर्ड इंजिन कोणतं घ्यायचं यावर मतभेद होते. मग त्यांनी दोन्ही बनवली. दोघांनाही पाच जोडलेल्या धुऱ्यांवर दहा मोठी चाकं, पुढे आधाराला एक छोटा धुरा. क्लास ४३ ला दोन सिलिंडर, क्लास ४४ ला तीन. प्रत्येकी १० इंजिनं बनवून रुळांवर सोडली.

निकाल काय लागला? कमी जोर लावायचा असेल तेव्हा ४३ ला कोळसा कमी लागायचा. जड गाडी ओढायची असेल तर ४४ बरं पडायचं. त्या वेळच्या मालगाड्या बघता ४३ पुरेसं होतं, म्हणून तेच आणखी घेतलं गेलं. एकूण ३५.

मग परिस्थिती बदलली. मालगाड्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसले. त्याआधी ब्रेक लावायला डब्यांवर माणसं बसवावी लागत, त्यामुळे वेगाला मर्यादा होती. आता गाड्या लांब आणि वेगवान झाल्या, आणि ४३ मागे पडलं. १९३७ पासून ४४ ची मोठ्या प्रमाणावर बांधणी सुरू झाली आणि १९४९ पर्यंत जवळपास २,००० इंजिनं बनली.

इथे "स्टँडर्ड म्हणजे नवं काही नाही" या आक्षेपाचं निम्मं उत्तर मिळतं. स्टँडर्ड ठरलं म्हणून शोध थांबला नाही. ४३ आणि ४४ मधले बरेच भाग सारखेच होते, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे वळणं सोपं गेलं. पण उरलेलं निम्मं उत्तर असं की पहिला निर्णय त्या दिवशीच्या गरजेवर घेतला होता आणि दहा वर्षांत ती गरजच बदलली. स्टँडर्ड लिहिणाऱ्याला उद्याची मालगाडी दिसत नसते.

क्लास ५०: सगळीकडे चालणारं

४४ ताकदवान होतं, पण जड होतं. त्याच्या एका धुऱ्याचा भार २० टनांच्या आसपास. मुख्य मार्गांचे रूळ आणि पूल तो झेलायचे, पण गावागावांकडे जाणाऱ्या शाखामार्गांवर तो चालत नसे. तिथे प्रशियाच्या काळातली जुनी इंजिनंच राबत होती.

म्हणून १९३७ मध्ये नव्या इंजिनाचं काम सुरू झालं. अट अशी: धुऱ्यावरचा भार १५ टनांच्या आसपास ठेवा, म्हणजे ते जवळपास कुठल्याही रुळावर जाईल. दुसरी अट त्याहून हुशार होती: पुढे आणि मागे दोन्ही दिशांना ताशी ८० किलोमीटर. कारण छोट्या स्टेशनांवर इंजिन फिरवायचं टर्नटेबल नसायचं. परत येताना इंजिन उलटं चालवावं लागायचं आणि गार वारा, कोळशाची धूळ थेट ड्रायव्हरच्या तोंडावर. म्हणून टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवर, आडोशाला भिंत बसवली.

१९३९ मध्ये हे क्लास ५० रुळांवर आलं आणि एकूण ३,१६४ बनली. वेगात ते एक्सप्रेस इंजिनांच्या जवळपासही नव्हतं, ताकदीत ४४ च्या मागे होतं. पण कुठेही पाठवा, चालायचं. फोनच्या भाषेत सांगायचं तर हा फ्लॅगशिप नव्हता. दोन-तीन वर्षं बिनबोभाट चालतो आणि मित्राने विचारलं तर आपण डोळे झाकून सुचवतो, तो फोन.

क्लास ५२: लाइट व्हर्जन, आणि त्यामागचा अंधार

इथपर्यंत वाचताना मी खूश होतो. पुढे वाचताना नव्हतो.

१९३९ मध्ये नाझी जर्मनीने युद्ध सुरू केलं. १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि पहिल्याच हिवाळ्यात तिथल्या थंडीत जर्मन इंजिनांच्या बाहेरच्या नळ्या गोठून फुटायला लागल्या. इंजिनं कमी पडली. मग १९४२ मध्ये हुकूम निघाला की इंजिनं झटपट, स्वस्तात आणि हजारोंनी बनवा. गेर्हार्ड डेगेनकोल्ब नावाच्या माणसाकडे हे काम दिलं गेलं. वाग्नर त्याच वर्षी पदावरून गेला.

त्यांनी क्लास ५० घेतलं आणि ते सोलायला सुरुवात केली. त्यात सुमारे ६,००० सुटे भाग होते. त्यातले सुमारे १,००० काढूनच टाकले आणि ३,००० आणखी सोपे केले. बॉयलरमध्ये जाणारं पाणी आधी गरम करणारं यंत्र गेलं. धूर बाजूला वळवणारे पत्रे गेले. तांब्यासारख्या टंचाईच्या धातूंच्या जागी पोलाद आलं. उलट ड्रायव्हरची केबिन पूर्ण बंद केली आणि नळ्यांना थंडीपासून आवरण दिलं. टेंडर तर तेलाच्या टाकीसारखं अर्धगोल, त्यामुळे वेगळी चौकट लागत नव्हती. पहिलं इंजिन सप्टेंबर १९४२ मध्ये बाहेर पडलं आणि पुढच्या अडीचेक वर्षांत ६,००० हून जास्त.

निव्वळ इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर हे थक्क करणारं आहे. आणि माझी अडचण नेमकी इथेच झाली, कारण मी आधी निव्वळ इंजिनिअरिंग म्हणूनच बघत होतो. एका मित्राला कौतुकाने मोठा मेसेजही पाठवला होता. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "बनवत कोण होतं? आणि रेल्वे नेत काय होती?"

बनवणाऱ्यांमध्ये सक्तीने आणलेले परदेशी मजूर आणि युद्धकैदी होते. पोलंडसारख्या ताब्यात घेतलेल्या देशांतले कारखानेही याच कामाला जुंपले होते. आणि हीच राइख्सबान लाखो ज्यू माणसांना मृत्यूछावण्यांकडे नेत होती. त्याचा हिशोबही व्यवस्थित ठेवलेला होता: अंतरानुसार तिसऱ्या वर्गाचं भाडं, लहान मुलांना कमी, ४०० हून जास्त माणसं असली की निम्म्या दराची ग्रुप सवलत. फक्त जायचं तिकीट. नेहमीचीच ऑफिसं, नेहमीचीच वेळापत्रकं, नेहमीचेच फॉर्म.

स्टँडर्डची खरी ताकद ही की ते "काय जोडलं जातंय" हे विचारत नाही. त्याचं सौंदर्यही तेच आणि धोकाही तोच. टाइप-सीच्या बाबतीत हे कळायला कदाचित जड जाईल, पण आपल्या रोजच्या आयुष्यात दुसरी स्टँडर्ड आहेत: एकच ओळख क्रमांक, एकच लॉगिन, चेहरा ओळखायची एकच पद्धत. ती बनवणारी माझ्यासारखी मुलं-मुली बहुतेक वेळा "सिस्टिम किती स्वच्छ झाली" यातच खूश असतात. मीही असतो. त्या मेसेजनंतर मी कामात एक सवय लावून घ्यायचा प्रयत्न करतोय. डिझाइनच्या कागदावर "हे कुणाविरुद्ध वापरता येईल?" हा प्रश्नही लिहायचा. उत्तर प्रत्येक वेळी मिळतंच असं नाही, पण प्रश्न लिहिलेला असला की मीटिंगमध्ये तो कुणीतरी वाचतं.

एक चूक, सगळीकडे

आता दुसरा धोका. हा मी स्वतः भोगलाय.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन इंजिनांच्या बॉयलरसाठी एसटी-४७-के नावाचं नवं पोलाद वापरलं गेलं. ते जास्त मजबूत, त्यामुळे पत्रा पातळ ठेवता येई आणि वजन वाचे. १५ टनांच्या अटीत बसायला तर हे वरदानच. पण हे पोलाद वयानुसार ठिसूळ होत गेलं आणि बॉयलरना तडे जायला लागले. आणि ते स्टँडर्ड असल्यामुळे ही अडचण एका इंजिनाची राहिली नाही. एक्सप्रेस असो वा मालगाडी, त्या काळात बनलेल्या अनेक क्लासमध्ये ती निघाली.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक बिघडलेलं अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानतळांवर रांगा लागल्या. सगळे एकाच गोष्टीवर अवलंबून असले की असं होतं.

आमच्याकडे याची छोटी आवृत्ती झाली होती. कंपनीत चार अ‍ॅपची चार वेगळी लॉगिन सिस्टिम होती. "एकच करू या" म्हणून सगळ्यात जास्त मीच भांडलो होतो. केलं, छान चाललं. मग एका शुक्रवारी रात्री मी टाकलेल्या एका बदलात चूक राहिली आणि चारही अ‍ॅप एकदम बंद. पहाटे तीनला आमच्या सीनिअर मॅडम कॉलवर शांतपणे म्हणाल्या, "आधी एक घर जळायचं रे, आता गाव जळतं. पण विहीरही आता एकच आहे, ती नीट बांध."

जर्मनीत हेच झालं. युद्धानंतर देशाचे दोन भाग झाले. पूर्व जर्मनीच्या रेल्वेने एक नवा, नीट वेल्डिंग केलेला बॉयलर तयार केला आणि जुन्या इंजिनांना बसवायला घेतला. क्लास ५० ची २०८ आणि क्लास ५२ ची २०० इंजिनं त्याच एका डिझाइनच्या बॉयलरवर नवी झाली. चूक जशी सगळीकडे पसरली, तशी दुरुस्तीही पसरू शकली, कारण जोड तीच होती. २०० वेगवेगळे प्रकार असते तर दुरुस्ती कशा-कशाची करणार?

म्हणून स्टँडर्ड असावं की नसावं, हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. खरा प्रश्न: ते बिघडलं तर दुरुस्त कोण करू शकतो? फक्त बनवणारी कंपनी, की शेडमधला कोणीही?

तुमच्या फोनमध्ये लपलेलं इंजिन

थोडी गंमत. १ जानेवारी १९६८ ला पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने इंजिनांना कॉम्प्युटरसाठी नवे नंबर दिले: तीन आकडे क्लासचे, तीन आकडे इंजिनाचे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. अडचण ही की क्लास ५० चे नंबर ३,००० च्या पुढे गेलेले. तीन आकड्यांत मावणार कसे? मग एकाच क्लासचे चार तुकडे केले: ०५०, ०५१, ०५२, ०५३. जागा कमी ठेवली की पुढे असे जुगाड करावे लागतात, हे कुठल्याही प्रोग्रामरला विचारा. पूर्व जर्मनीने दोन वर्षांनी हेच सहा आकडे दोन आणि चार असे वाटले, आणि त्यांना हा त्रास झालाच नाही.

पण बघण्यासारखा आहे तो शेवटचा आकडा. २६ ऑक्टोबर १९७७ ला पश्चिम जर्मनीच्या रेल्वेवर वाफेचा जमाना संपला. त्या शेवटच्या इंजिनांपैकी एकाचा नंबर होता ०४३ ९०३-४. मूळचं ते आपलं क्लास ४४, नंतर तेलावर चालणारं केलेलं. आता गणित करू:

१. आकडे घ्या: ०, ४, ३, ९, ०, ३.
२. एक सोडून एक आकड्याची दुप्पट करा: ४ चे ८, ९ चे १८, ३ चे ६.
३. दोन आकडी उत्तर आलं तर त्यातले आकडे मिळवा: १८ म्हणजे १ + ८ = ९.
४. बेरीज: ० + ८ + ३ + ९ + ० + ६ = २६.
५. पुढचा दशक ३०. तिथे पोचायला हवेत ४.

शेवटचा आकडा ४. बरोबर जुळला! कारकुनाने एक आकडा चुकीचा टाइप केला तर कॉम्प्युटर लगेच ओरडायचा.

आता फोन उचला, *#०६# डायल करा. १५ आकडी आयएमईआय नंबर येईल. पहिल्या १४ आकड्यांवर हेच गणित करा, दुसऱ्या आकड्यापासून एक सोडून एक दुप्पट. पंधरावा आकडा जुळेल. तुमच्या डेबिट कार्डाचा शेवटचा आकडाही याच पद्धतीचा असतो. हे गणित हान्स पीटर लून या जर्मनीत जन्मलेल्या, आयबीएममध्ये काम करणाऱ्या इंजिनिअरचं. आयएमईआय कुणाला पाठवू नका मात्र, आपल्यापुरतं करून बघा.

मग टाइप-सीचं काय?

जर्मनीहून परत येताना मी तीन गोष्टी घेऊन आलोय.

पहिली, आकार सारखा म्हणजे काम सारखं नाही. ५० आणि ५२ लांबून भाऊ वाटतात, आतून बरेच वेगळे. टाइप-सी केबलचंही तसंच. काही फक्त चार्ज करतात, काही संथ डेटा नेतात, काही मॉनिटरही चालवतात. केबल घेताना किती वॉट आणि किती डेटा स्पीड, हे खोक्यावर बघा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा. युरोपच्या नियमात वेगवान चार्जिंगही ठरलेल्या एकाच पद्धतीने चाललं पाहिजे असं म्हटलंय. मला तो भाग पोर्टच्या आकारापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसरी, पोर्टपेक्षा सुटे भाग महत्त्वाचे. क्लास ५२ घाईत, थोड्या काळासाठी बनवलं होतं. तरी युद्धानंतर ते पोलंड, सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान अशा कितीतरी देशांत चाललं. बोस्नियातल्या कोळशाच्या खाणींवर तर २०१० नंतरही ही इंजिनं डबे ओढत होती. ती टिकली कारण ती साधी होती आणि एका बंद पडलेल्या इंजिनाचे भाग दुसऱ्याला बसत होते. माझा मागचा फोन तिसऱ्या वर्षी गेला, कारण त्याचा डिस्प्ले मिळेना. पोर्ट टाइप-सीच होता. म्हणून ७ वर्षं सुटे भाग देण्याचा युरोपचा नियम आपल्याकडे कधी येतो, याकडे माझं जास्त लक्ष आहे.

तिसरी, बदलायची तारीख आधीच लिहा. ४३ चं ४४ होऊ शकलं, कारण पहिल्या निर्णयाला कुणी दगडावरची रेघ मानलं नाही. युरोपच्या कायद्यातही तंत्रज्ञान बदललं तर पोर्टचा आढावा घेण्याची सोय आहे. उद्या आपल्याकडे असा नियम आला, तर त्यात ही ओळ आहे का, हे पहिल्यांदा शोधा.

परवा रविवारी मी ती पिशवी शेवटी बाहेर काढली. ई-कचरा गोळा करणाऱ्यांना दिली. आईने दोनदा विचारलं, "नक्की ना? परत मागशील." आजीच्या फोनचा बारीक पिनवाला चार्जर मात्र ठेवला. तिचा तो फोन अजून चालतो.